माळ्यावरची चकमकीची बंदूक



नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरा नदीच्या काठी कोल्हार हे गाव आहे. समजा, तेथील एक जुना वाडा दुरुस्तीसाठी उतरवला जात आहे. माळ्यावरची अडगळ खाली काढताना गोणपाटात गुंडाळलेली एक लांबलचक बंदूक हाती लागते. नळीवर गंजाचे पापुद्रे, दस्त्याला कीड आणि घोडा जागच्या जागी घट्ट बसलेला. बघायला जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी म्हणतोच, "रॉकेल लावून घासून काढा, थोडी शेकवा, म्हणजे सुटेल. भगवतीच्या यात्रेला एक बार काढू!"

अशा वेळी तुम्ही तेथे असलात तर काय कराल? जुनी बंदूक पुन्हा चालू करता येते काय? येत असेल तर कुठपर्यंत? या प्रश्नांची उत्तरे शोधताना पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि थोडा इतिहास यांची आपोआप उजळणी होते. पण त्याआधी एक गोष्ट, जी सर्वांत आधीच सांगायला हवी.

हात लावण्यापूर्वी

जुनी बंदूक सापडली की ती भरलेली आहे असेच समजावे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासतात. यालाच 'ठासून भरणे' म्हणतात. अशी भरलेली बंदूक रिकामी करण्याचा सोपा उपाय म्हणजे बार काढणे. तो काढला नाही तर दारू आत तशीच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

"पण शंभर-दीडशे वर्षांत दारू सडून जात नाही का?" असे तुम्ही विचाराल. बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. हे तिन्ही पदार्थ नुसत्या काळाने नासत नाहीत. ओल लागली तर दारू निकामी होते. कोरडी राहिली तर शतकानंतरही पेट घेऊ शकते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. त्या युद्धातला एक तोफगोळा साफ करताना २००८ साली स्फोट झाला आणि एका अनुभवी संग्राहकाला प्राण गमवावे लागले. गोळा जवळजवळ दीडशे वर्षांचा होता.

म्हणून बंदूक शेकणे, तिच्यावर ठोकणे, नळीच्या तोंडासमोर उभे राहणे, घोडा ओढून पाहणे यांतले काहीही करायचे नाही. ती आहे तेथेच ठेवून मोठ्या माणसांनी पोलीस ठाण्याला कळवायचे. जाणकार माणूस बंदूक भरलेली आहे का हे कसे ओळखतो, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. तो नळीत लाकडी काठी सावकाश घालतो, ती जेथे अडते तेथे खूण करतो आणि तेवढेच अंतर नळीच्या बाहेरून मोजतो. काठी नळीच्या बुडापर्यंत पोचली तर नळी रिकामी. चार बोटे आधीच अडली तर आत काहीतरी आहे. साध्या मोजमापाने जीव वाचतो, तो असा.

आता आपली बंदूक तज्ज्ञाने तपासली आणि ती रिकामी निघाली, असे धरून पुढे जाऊ.

ही बंदूक कोणत्या जातीची?

बंदुकीचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : नळीतल्या दारूपर्यंत विस्तव कसा पोचवायचा? विजापूरच्या बुरुजावर आज असलेली 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली. अशा तोफेच्या मागच्या भागात एक बारीक भोक असते. त्याला 'कान' म्हणतात. गोलंदाज पेटती बत्ती हाताने कानाशी नेत असे.

खांद्याला लावायच्या बंदुकीला हे जमेना. नेम धरायचा की बत्ती धरायची? मग पेटता दोरखंड, म्हणजे तोडा, एका वाकड्या आकड्यात अडकवला गेला. चाप ओढला की आकडा खाली येई आणि तोडा कानाजवळच्या दारूला टेके. ही तोड्याची बंदूक. ती स्वस्त होती, गावचा लोहार तिची दुरुस्ती करू शके, म्हणून आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकातही टिकून होती. पण तोडा सतत धुमसत ठेवावा लागे. पावसात तो विझे आणि रात्री त्याचा लाल ठिपका शत्रूला दिसे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीस फ्रान्समध्ये या अडचणीवर चांगला तोडगा निघाला. विस्तव जवळ बाळगायचाच नाही. हवा त्या क्षणी तो निर्माण करायचा! ही चकमकीची बंदूक. पुढची सुमारे दोनशे वर्षे जगातील बहुतेक लढाया या बंदुकीने लढल्या गेल्या. महादजी शिंद्यांनी द बॉयन या अधिकाऱ्याकडून ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या हातीही चकमकीच्या बंदुका होत्या. १८०३ साली अहमदनगरचा किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता. त्या वर्षीच्या ८ ऑगस्टला आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून शहराची तटबंदी घेतली आणि १२ ऑगस्टला किल्ला तिच्या ताब्यात गेला. त्या फौजेतील पायदळाजवळ चकमकीच्याच बंदुका होत्या. ईस्ट इंडिया कंपनीसाठी तयार झालेल्या नमुन्याला इंग्लंडात 'इंडिया पॅटर्न' असे नाव पडले. त्याची नळी सुमारे ९९ सेंटिमीटर लांब आणि आतून सुमारे १९ मिलिमीटर व्यासाची असे. पुढे १८४० च्या सुमारास ठोक्याने पेटणारी तांब्याची टोपी आली आणि चकमक मागे पडली.

आपल्या बंदुकीच्या घोड्याच्या तोंडात दगड धरण्याचा जबडा आहे आणि त्यासमोर एक उभी पोलादी झडप आहे. म्हणजे ती चकमकीची आहे हे नक्की.

कळ कशी चालते?

नळीच्या उजव्या बाजूला एका पट्टीवर बसवलेल्या या यंत्रणेला बंदुकीची कळ म्हणतात. तिचे मुख्य भाग पाच : घोडा, कमान, खाच असलेली चकती, पोलादी झडप आणि वाटी.

घोडा मागे ओढला की आतली इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी पोलादी कमान दाबली जाते. तुमच्या हाताने केलेले कार्य कमानीत स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते. चकतीच्या खाचेत एक अडसर अडकतो आणि घोडा तसाच राहतो. चाप ओढला की अडसर निघतो. साठलेल्या ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते आणि घोडा पुढे झेपावतो. त्याच्या जबड्यातली गार झडपेला खरवडत खाली जाते. त्याच धक्क्याने झडप वर उचलली जाते आणि तिच्याखाली झाकलेली वाटी उघडी पडते. वाटीत चिमूटभर बारीक दारू असते. तिला 'रंजक' म्हणतात. ठिणग्या रंजकावर पडतात, रंजक भडकते आणि ती ज्वाला कानातून नळीत शिरते.

यातली गंमत लक्षात आली का? झडप एकच, पण ती दोन कामे करते. एरवी ती वाटीचे झाकण असते, म्हणून रंजक वाऱ्याने उडत नाही. ठिणगी पडायची वेळ झाली की तीच चकमकीचे पोलाद होते आणि झाकणही उघडते. आणि कान गंजाने वा काजळीने बुजला असेल तर? रंजक नुसतेच 'फुस्स' करते. बार फुसका ठरतो.

ठिणगी दगडाची की पोलादाची?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक जण म्हणतील, दगडाची. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनाही हे कोडे पडले होते. त्यांनी गार आणि पोलाद एकमेकांवर आपटले, पांढऱ्या कागदावर पडलेले कण गोळा केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांना दिसले ते वितळून गोल झालेले धातूचे चकचकीत मणी! १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांनी हे वर्णन केले आहे.

म्हणजे गार पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढते, घर्षणाने ते तापतात आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चक्क जळतात. ठिणगी म्हणजे जळणारे लोखंड. हवा काढून टाकलेल्या भांड्यात पोलाद असे पेटत नाही.

पण लोखंडाची पहार जळत नाही, मग कण का जळतो? एक हिशेब करा. १ सेंटिमीटर बाजूचा लोखंडी घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे मिळून पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे ०.१ मिलिमीटर बाजूचे घन करा. ते १० लाख होतील आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरेल. लोखंड तेवढेच, पण ऑक्सिजनला भिडणारा पृष्ठभाग शंभरपट! शिवाय इवल्याशा कणाची उष्णता आत पसरून जायला जागाच नसते. लाकडाचा ओंडका चटकन पेटत नाही, भुसा मात्र भडकतो, तसेच हे.

प्रवरेच्या पात्रातील गार

आपल्या बंदुकीच्या जबड्यातला दगड केव्हाच हरवला आहे. नवा कोठून आणायचा? इंग्लंडातील ब्रँडन गावचे कारागीर तेथील खडूच्या खडकात सापडणारा चकमकीचा दगड फोडून बंदुकीच्या गारा घडवीत आणि त्या दूरदूर जात. आपल्याकडे खडूचे खडक नाहीत. दख्खनचे पठार बेसाल्टचे, म्हणजे काळ्या खडकाचे आहे. पण लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिका साचून कॅल्सेडोनी, अकीक, जॅस्पर असे दगड तयार झाले. खडक झिजला की हे कठीण दगड सुटे होतात आणि नदीच्या गोट्यांत येऊन पडतात.

प्रवरेकाठच्या माणसाला त्यांचा उपयोग फार पूर्वीच कळला होता. कोल्हारच्या वरच्या अंगाला संगमनेरजवळ जोर्वे आहे आणि खालच्या अंगाला दायमाबाद व नेवासे. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाण काळातील, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत कॅल्सेडोनीची सरळ, धारदार पाती मिळाली. नेवाशाच्या परिसरात त्याहून कितीतरी जुनी, अश्मयुगीन हत्यारेही सापडली आहेत.

या दगडाचे दोन गुण महत्त्वाचे. पहिला काठिण्य : मोहच्या काठिण्यमापनात त्याचा क्रमांक ७ च्या आसपास येतो, म्हणून तो पोलादाला खरवडू शकतो. दुसरा गुण फुटण्याची रीत : तो शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या वळणदार पृष्ठभागावर फुटतो आणि कडेला तीक्ष्ण धार येते. पांढरा दिसणारा प्रत्येक दगड गार नसतो. कॅल्साइटही पांढरा असतो, पण तो काचेवर चरा पाडू शकत नाही. गार पाडते.

दुरुस्ती : गंज, कमान आणि झडप

आता कळ सोडवून तिचे भाग वेगळे केले आहेत असे समजा. येथे घाई करणारा माणूस पॉलिशकागद घेतो आणि सारे चकचकीत करतो. संग्रहालयातला तज्ज्ञ असे करीत नाही. का? कारण कळीच्या पट्टीवर कारागिराची खूण, एखादे अक्षर किंवा साल कोरलेले असू शकते. ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल असते. घासताना गंजाबरोबर तेही जाते आणि बंदूक मुकी होते. ती कोठून आली, कोणाची, कोणत्या काळातली हे सांगणारा पुरावा पुन्हा मिळत नाही.

गंजाचे दोन प्रकार ओळखायला शिका. तांबूस, भुसभुशीत गंज पाणी धरून ठेवतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. तो काढायला हवा. पण तेलात भिजवून, मऊ ब्रशाने, सावकाश. काळा, घट्ट थर मात्र लोखंडाला चिकटून राहतो आणि बऱ्याच अंशी त्याचे रक्षण करतो. तो राहू द्यावा. काही वेळा तज्ज्ञ टॅनिक आम्लाचा उपयोग करतात. गंजातील लोहाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा, स्थिर थर बनतो. आपल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून पूर्वी काळी शाई करीत, ती याच क्रियेने.

कमान मोडली असेल तर नवी घडवावी लागते. येथे गावच्या लोहाराचे 'पाणी देणे' कामाला येते. पोलाद लालभडक तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. ते पुन्हा हळूहळू तापवले की घासलेल्या पृष्ठभागावर रंग उमटू लागतात. २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. हे रंग ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे दिसतात. पाण्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात, त्यासारखेच. कमानीसाठी निळ्या रंगावर थांबायचे. तेव्हा ती वाकते आणि परत येते, मोडत नाही. ज्याने कधी तापमापक पाहिला नाही असा लोहारही रंगावरून तापमान वाचतो!

झडपेचे दुखणे वेगळे. पुष्कळ झडपा आतून मऊ लोखंडाच्या आणि फक्त दर्शनी भागावर कठीण असत. लोखंड कोळशाच्या पुडीत बंद करून बराच वेळ तापवले की कार्बन वरच्या थरात शिरतो आणि तेवढा थर पोलाद बनतो. हा थर झिजला तर गार आपटूनही ठिणगी पडत नाही. आणि आता सुरुवातीच्या त्या सल्ल्याकडे वळा : "थोडी शेकवा, म्हणजे सुटेल." चुलीत किंवा भट्टीत तापवून सावकाश थंड झालेल्या पोलादाचे पाणी उतरते. कमान लुळी पडते, झडप मऊ होते. म्हणजे बंदूक भरलेली असेल तर शेकण्याने जीव जायचा आणि रिकामी असेल तर कळ जायची.

झडपेला पुन्हा कठीण थर दिला, कमान बसवली, कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून गार जबड्यात आवळली, घोडा ओढला आणि चाप दाबला, की लख्ख ठिणग्या रिकाम्या वाटीत पडतात. दोनशे वर्षांपूर्वीचे यंत्र पुन्हा बोलू लागते.

येथेच थांबायचे

मग बार का काढायचा नाही? उत्तर नळीत आहे. जुनी नळी लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून, तापवून, ठोकून सांधलेली असते. काळी दारू जळल्यावर मागे राहणारी राख हवेतली ओल शोषते, म्हणून गंज आतून, तेही बुडाजवळ जास्त पडतो. आणि बार उडताना सर्वांत जास्त दाब नेमका तेथेच येतो. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून किती उरली आहे हे डोळ्यांना कळत नाही. ती फुटली तर गोळी पुढे जाण्याऐवजी लोखंडाचे तुकडे बार काढणाऱ्याच्या तोंडावर येतात.

कायदाही हेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात जुन्या, कालबाह्य शस्त्रांना सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत अशा शस्त्रांपुरती. चालू स्थितीतली ठासणीची बंदूक ही कायद्याच्या दृष्टीने बंदूकच आणि तिला परवाना लागतो. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते. म्हणून अशी बंदूक सापडली तर तिची योग्य जागा संग्रहालय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा अवश्य पाहा आणि तेथल्या बंदुकांच्या कळी निरखा. तोड्याची कोणती, चकमकीची कोणती, हे आता तुम्ही आपल्या सोबत्यांना सांगू शकाल.

ठिणगी परत आणणे हे विज्ञान आहे. बार परत आणण्यात शिकण्यासारखे काही उरत नाही, गमावण्यासारखे मात्र पुष्कळ असते.

करून पाहा (शिक्षकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून)

१. एक जुनी कानस आणि धार असलेला गारेचा तुकडा घ्या. गार फोडण्याचे काम शिक्षकांनी करावे, कारण तिच्या कपच्या काचेसारख्या कापतात. जवळ वाळके गवत, रॉकेल, फटाके असे काहीही नको. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या कागदावर गारेने कानशीला खरवडत फटका मारा. ठिणग्या दिसतील. कागदावर पडलेले कण लोहचुंबकाने गोळा करा आणि भिंगाखाली, शक्य असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. हूक यांना दिसलेले गोल मणी तुम्हालाही दिसतात का?

२. तोच प्रयोग साध्या खिळ्यावर करा. ठिणग्या का पडत नाहीत, किंवा फारच थोड्या का पडतात?

३. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या. गार झालेल्या काढ्यात गंजलेला खिळा रात्रभर ठेवा. सकाळी खिळ्याचा आणि काढ्याचा रंग नोंदवा.

विचार करा

१. मऊ लोखंड गारेने जास्त सहज खरवडले जाते. तरीही ठिणगी कठीण पोलादाचीच का पडते? (सूचना : कणांचा आकार आणि प्रत्येक कणावर खर्च होणारी ऊर्जा यांचा विचार करा.)

२. १८०३ ची ती लढाई ऑगस्टमध्ये झाली. भर पावसात चकमकीच्या बंदुकीचा कोणता भाग सर्वांत आधी दगा देईल?

३. तुमच्या बोलण्यातले 'चकमक उडणे', 'फुसका बार', 'ठासून भरणे' हे शब्दप्रयोग आपण पाहिले. बंदुकीशी वा तोफेशी जोडलेले आणखी किती शब्दप्रयोग तुम्हाला सापडतात? आजोबा-आजींना विचारून यादी करा.